१२ टक्के चढ, सोबत सामान: मागे ११-४० टाकली की भागेल का?

लांबपल्ला
रोड सायकल, ११ स्पीड. पुढे ५०/३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, मागे ११-३४ दात्यांची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), टायर ७००×२८. माणूस, सायकल, बॅगा मिळून १०० किलो. तासभर टिकणारी ताकद १८० वॉटच्या आसपास. नुसती कॅसेट बदलू, की क्रँकही (पेडलचे दांडे आणि पुढच्या चेनरिंग)?

स्पॅनर
दाते नंतर, आधी वेग काढा. १०० किलोला १२ टक्के चढावर मागे खेचणारं बल ११७ न्यूटन, टायरचा रोध धरून १२२. १८० भागिले १२२ म्हणजे सेकंदाला १.४८ मीटर, ताशी ५.३ किमी. चाकाचा घेर २.१४ मीटर. ३४/३४ वर (पुढचे दाते/मागचे दाते) पेडलचे मिनिटाला जेमतेम ४१ फेरे पडतील, आणि इतक्या संथ फेऱ्यांत प्रत्येक दाब गुडघ्यावर येतो. ३४/४० ने फेरे ४९ होतात. ३०/४० ने ५५. साठ हवेत तर गुणोत्तर ०.६९ लागेल, म्हणजे २४/३४ किंवा ३०/४२ च्या जवळपास.

माझं मत: पुढे ४६/३०, मागे ११-४०. ४६/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ४८ किमी मिळतात, सामान घेऊन त्याहून जास्त कशाला हवेत? फार खालीही जाऊ नका. ताशी ४ च्या खाली सायकल सरळ राहत नाही, हँडल डुलतं आणि ताकद तोल सांभाळण्यातच जाते.

लांबपल्ला
मागचं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचं आहे. सर्वांत मोठ्या चकतीची मर्यादा ३४ दाती, क्षमता (पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या फरकांची बेरीज, एवढी सैल चेन ते ओढून धरतं) ३९. चालेल?

चेनलाइन
जसंच्या तसं नाही. हँगरला (फ्रेमवर डिरेलर टांगायचा तुकडा) एक्सटेंडर, म्हणजे डिरेलर खाली आणणारी जोडपट्टी, लावला तर ४० चढते, पण क्षमता तेवढीच राहते. तुम्हाला लागणार (४६−३०) + (४०−११) = ४५. म्हणून चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर मापा: डिरेलरमधून न घालता ४६ आणि ४० वरून फिरवा, टोकं जुळतात तिथून एक इंच जास्त ठेवा. आखूड राहिली आणि चुकून ती जोडी पडली तर डिरेलर हँगरसकट उपटून येतं. उलट बाजूला ३० सोबत १७ पेक्षा लहान स्प्रॉकेट (मागची चकती) वापरू नका. तिथे चेन लोंबेल, बिघडणार काही नाही.

मग बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून दूर-जवळ करणारा स्क्रू) आत घ्या. वरची जॉकी (डिरेलरमधलं छोटं चाक) आणि ४० मध्ये ५-६ मिमी फट हवी. कमी असेल तर सर्वांत हलक्या गिअरला घरघर ऐकू येते.

माउंटन बाइकचं ११ स्पीड डिरेलर मात्र आणू नका. शिमानोमध्ये रोड शिफ्टरची केबल त्याला जुळत नाही, गिअर मधेच अडकतात.

स्पॅनर
पुढचं डिरेलर विसरू नका. ५० वरून ४६ वर आलात की ते खाली सरकवावं लागतं. पिंजरा आणि मोठ्या चेनरिंगच्या दात्यात १ ते ३ मिमी. फ्रेमला जोडलेल्या पट्टीची खाच तेवढी खाली जाते का, हे क्रँक विकत घेण्याआधी बघा. जीआरएक्स (शिमानोची ग्रॅव्हल सायकलची मालिका) क्रँक घेणार असाल तर त्याची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) २.५ मिमी बाहेर असते, त्यामुळे पुढचं डिरेलरही त्याच मालिकेचं लागेल.