निवारागृहाच्या सुरक्षेसाठी शासकीय अनुदान मिळू शकते का?

प्रश्न (एका न्यासाच्या विश्वस्त, सोलापूर)

नमस्कार. घरातील मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या महिलांसाठी आमचा न्यास सोलापुरात एक लहान निवारागृह चालवतो. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही. मागची भिंत जेमतेम छातीएवढी आहे आणि मागच्या फाटकाची कडी तुटल्यापासून आम्ही ते रोज रात्री तारेने आवळून बांधतो. गेल्या उन्हाळ्यात उकाड्यामुळे बायका-मुले अंगणात झोपली असताना एकीचा नवरा रात्री दीडच्या सुमारास ती भिंत ओलांडून आत आला. आरडाओरडा झाल्यावर शेजारचे धावून आले म्हणून अनर्थ टळला, पण त्या रात्रीपासून कोणीही अंगणात झोपत नाही.

अमेरिकेतील माझी भाची सांगते की तिच्या गावच्या मंदिराला कॅमेरे आणि फाटकासाठी तिथल्या केंद्र सरकारने अनुदान दिले. असे अनुदान आपल्याकडे आहे का? नसल्यास तिकडच्या रकमेतील काही भाग आमच्याकडे वळवता येईल का?

उत्तर 1 (मूळचे सोलापूरचे, सध्या न्यू जर्सी)

ताई, आपली भाची सांगते ती योजना खरी आहे. तिचे नाव नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम असून ती फेमा ही तिथली केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था राबवते. 2005 च्या सुमारास ती सुरू झाली आणि 2024 या आर्थिक वर्षासाठी तिची नियमित तरतूद 27 कोटी 45 लाख डॉलर होती. त्या वर्षी या नियमित तरतुदीतून एका ठिकाणासाठी कमाल दीड लाख डॉलर मागता येत होते. संस्थेला थेट फेमाकडे जाता येत नाही. अर्ज राज्याच्या नेमलेल्या यंत्रणेमार्फत जातो.

आमच्या मंदिराच्या अर्जात मी हातभार लावला होता, त्यावरून सांगतो की खरी मेहनत त्या ठिकाणच्या धोक्याच्या मूल्यमापनात असते. कोणते दार कमजोर आहे, अंधार कुठे पडतो, याआधी काय घडले आणि मागितलेली प्रत्येक वस्तू त्यातील कोणत्या उणिवेवर उपाय आहे, हे सारे लिहावे लागते. बहुतेक वेळा खर्च आधी संस्थेने करायचा आणि भरपाई नंतर घ्यायची असते, त्यामुळे हाती पैसा नसलेल्या छोट्या संस्थांची ओढाताण होते. मंजुरीपूर्वी केलेली खरेदी धरली जात नाही. हिकव्हिजन, दाहुआ यांसारख्या काही चिनी कंपन्यांचे कॅमेरे या पैशातून घेता येत नाहीत.

हे अनुदान अमेरिकेतील करमुक्त संस्थांच्या तिथल्याच इमारतींसाठी आहे. ते सोलापूरला वळवता येणार नाही.

उत्तर 2 (न्यासांचे हिशेब पाहणारा लेखापाल, सोलापूर)

भाचीच्या मंदिराने स्वतःच्या देणग्यांतून मदत करायची म्हटले, तरी आपल्या न्यासाकडे विदेशी अंशदान विनियमन कायदा, 2010 खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती स्वीकारू नका. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. शिवाय नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने तो घेऊन आपल्याला देणे, हा पूर्वी चालणारा मार्गही याच दुरुस्तीने बंद झाला.

आपल्याकडे सुरक्षेचा पैसा बहुधा दुसऱ्या नावाने येतो. केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात संकटग्रस्त महिलांच्या निवाऱ्यासाठी शक्ती सदन ही योजना आहे आणि त्याच्या मंजूर पदांत पहारेकऱ्याचे पद असते. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना भेटा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हवा असेल, तर आयकर खात्याकडील 12अ आणि 80ग नोंदणीबरोबर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरायचा सीएसआर-1 अर्जही लागतो. खासदार निधी संस्थेच्या हातात येत नाही. खासदार काम सुचवतात आणि जिल्हा प्रशासन ते मंजूर करून करवून घेते. प्रार्थनास्थळांच्या आवारात हा निधी मुळीच वापरता येत नाही, पण आपले निवारागृह तसे नाही.

कोणत्याही दारात जाण्यापूर्वी चार कॅमेऱ्यांचे दरपत्रक मात्र तयार ठेवा.

उत्तर 3 (कौटुंबिक न्यायालयात काम करणारी वकील)

दरपत्रक आधी भिंतीचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा माणूस टिपतो, थांबवत नाही. आणि दीड वाजता चित्रीकरणाकडे पाहत बसणारे कोणी आपल्याकडे असेल, असे मला वाटत नाही.

दुसरे, ज्या महिलेचा नवरा आत शिरला, तिच्यासाठी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 खाली संरक्षण आदेश मागा. तिचा नेहमीचा वावर असलेल्या ठिकाणी त्याने जाऊ नये, असे दंडाधिकारी कलम 18 खाली सांगू शकतात आणि आदेशाच्या अंमलबजावणीसाठी पोलीस ठाण्याला निर्देशही देऊ शकतात. आदेश मोडल्यास कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जात निवारागृहाचा पत्ता उघड होणार नाही, याची मात्र वकिलाकडून आधीच खात्री करून घ्या.

त्या रात्रीची नोंद पोलीस ठाण्यात झाली होती का? झाली असेल तर तिची प्रत प्रत्येक अनुदान-अर्जाला जोडा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. नोंद झाली होती, पण प्रत आम्ही घेतली नव्हती. ती आणण्यासाठी उद्या सकाळी जात आहे. न्यू जर्सीच्या दादांनी सांगितले तसे आज संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी आवाराभोवती वही घेऊन फिरलो. स्वयंपाकघरामागे दिवाच नाही, हे आमच्यापैकी सर्वांत लहान मुलीने दाखवले. भिंतीसाठी गवंडी परवा येणार आहे. फाटकाला कडी आजच बसवली.