रामेश्वरम : मदुराईहून नुसतं बसचं तिकीट काढून दिवसात जाऊन यावं, की पॅकेजमधूनच करावं?

औंढ्याचा वाटसरू

दिवाळी झाली की आपल्याकडं स्टँडसमोर बोर्ड लागतात. तिरुपती, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, सोबत आचारी, शाकाहारी जेवण. औंढा, परळी, वेरूळ ही ज्योतिर्लिंगं आपल्या उंबऱ्यात असल्यामुळं बारा पूर्ण करायची ओढ मराठवाड्यात घरोघर आहे आणि त्यातलं रामेश्वरम फार लांबचं. म्हणून लोक पॅकेज घेतात, ते मला समजतं. पण माझं मत स्पष्ट आहे: बाकीची यात्रा कशीही करा, रामेश्वरमचा दिवस दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

पॅकेजच्या गाड्या कशा जातात ते बघितलंय. रात्री उशिरा पोचायचं, साडेतीनला दारं वाजवायची, बावीस कुंडांवर पळत अंघोळ, दर्शन, नाष्टा, आणि नऊ वाजता गाडी कन्याकुमारीच्या रस्त्याला. ज्या बेटावर माणूस आयुष्यात एकदाच जाणार, ते बेट त्यानं बसच्या काचेतून अंधारात बघायचं.

त्यापेक्षा मदुराईला मुक्काम ठेवा. पहाटे पाचच्या सुमाराला माट्टुतावणी बसस्टँडवर जा, रामेश्वरमची सरकारी बस धरा. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ साधारण चार तास. नऊ-साडेनऊला तुम्ही रामेश्वरमच्या स्टँडवर असता. मंदिर तिथून दोनेक किलोमीटर, ऑटो मिळतो. अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग आत बावीस तीर्थं, कपडे बदलून दर्शन. दुपारी एकला मंदिर बंद होतं ते तीनला उघडतं. पॅकेजवाले ह्या दोन तासांना घाबरतात, मी म्हणतो हेच तास धनुष्कोडीचे. जेवून निघा, वीसेक किलोमीटरवर रस्ता समुद्रात संपतो. येताना कोदंडराम मंदिर, आणि वेळ असला तर अब्दुल कलाम यांचं स्मारक. सहाच्या बसनं परत, दहाला मदुराईत.

धनुष्कोडीबद्दल थोडं सांगतोच. १९६४ च्या डिसेंबरात, २२ तारखेच्या रात्री, वादळानं हे गाव पुसून टाकलं. बेटावरच्याच पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीजवळ लाटेखाली गेली, शंभराहून जास्त माणसं त्यात होती. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, प्रवाळाच्या दगडाच्या. जवळ जाऊन बघितलं तर दगडात भोकं-भोकं, मधमाशीच्या पोळ्यासारखी, आणि त्या भोकांत वाळू बसलेली. पुढं अरिचल मुनैला, म्हणजे रस्ता संपतो त्या टोकाला, उभं राहिलं की एका बाजूचं पाणी तळ्यासारखं शांत आणि दुसऱ्या बाजूला लाटा अंगावर येणाऱ्या. हे वीस मिनिटांत उरकायचं ठिकाण नाही. ह्यासाठी गाईड लागत नाही, शिट्टी वाजवणारा मॅनेजर तर मुळीच नाही.

तुमचं काय मत?

गंगाखेडची लेक

वाटसरू दादा, तुमचं वेळापत्रक कागदावर छान आहे. त्यात माझ्या आईला बसवून बघा.

वय सत्तरच्या पुढं, शुगर, गुडघे. पहाटे पाचची बस म्हणजे तिला साडेतीनला उठवणं आलंच, मग पॅकेजवाला उठवतो त्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? सरकारी बसमध्ये चार तास जायचं, चार तास यायचं, आणि बसमध्ये बाथरूम नाही. मध्ये मानामदुराई, परमकुडी, रामनाथपुरम अशा स्टँडवर गाडी थांबते, पण किती वेळ थांबणार हे विचारायचं कोणत्या भाषेत? बाई माणसाला शुगर असली की हा प्रश्न सगळ्यात मोठा होतो. त्यावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

आता बावीस कुंडं. विहिरीच्या कठड्यावर माणूस उभा असतो, दोराची छोटी बादली खाली सोडतो, भरली की थेट डोक्यावर ओततो. एक झाली की पुढची. सगळा दगडी रस्ता ओला, पायात काही नाही, मागून गर्दीचा रेटा. आईनं भिंतीला हात लावून लावून ते अंतर कापलं. नंतर ओल्या कपड्यानं दर्शनाला सोडत नाहीत, म्हणजे नऊवारी बदलायची. ती ओली नऊवारी पिळून पिशवीत घेऊन तुम्ही म्हणता दुपारी उन्हात धनुष्कोडीला चला! तिथं सावली नाही. आणि परत चार तास बस.

म्हातारं माणूस सोबत असेल तर बेटावर एक रात्र राहिलंच पाहिजे. एका दिवसात जाऊन येणं हे तरुण पोरांचं काम आहे, ते सगळ्यांना सल्ला म्हणून देऊ नये.

उदगीरचा पोरगा

ताई, तरुणांचंच काम कसं म्हणता? आपल्याकडं ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कुणाला न विचारता तुळजापूर, पंढरपूरच्या गाडीला बसायल्यात. पिशवी, धपाटे, पाण्याची बाटली, झालं. त्यांना कुणी गाईड दिला नव्हता. ज्या बाईला तुळजापूरच्या गर्दीत एकटीनं दर्शन घेता येतं तिला रामेश्वरमला पण येतं. तिथल्या साध्या टाउन बसला तर बायकांना तिकीटच नाही, २०२१ पासून. पाट्या तमिळमध्ये असतात हे खरं, पण कंडक्टरला 'रामेश्वरम' एवढा एक शब्द पुरतो.

गंगाखेडची लेक

तुळजापूरला ती पडली तर शेजारचा माणूस 'काय झालं मावशी' म्हणून विचारतो. तिथं पडली तर ती काय सांगणार आणि कुणाला?

देवणीच्या मावशी

मी पॅकेजनं जाऊन आलेली बाई हाव, म्हणून सांगते. पॅकेजला नावं ठेवायला सोपंय बगा.

आमच्या गाडीत निम्म्याच्या वर बायका होत्या. कुणाचा मालक गेलेला, कुणाचे लेक पुण्याला, कुणी जन्मात तालुक्याच्या बाहेर गेलेली नव्हती. त्या एकट्या माट्टुतावणी का काय म्हणता तिथं पहाटे पाचला उभ्या राहतेत का? घरचे सोडतेत का? पॅकेजचं नाव सांगितलं म्हणून घरच्यांनी हो म्हणलं. गाडीत गावातलाच आचारी, संध्याकाळी गरम पिठलं-भाकरी. एकीला ताप आला तर बाकीच्यांनी पाय दाबले. रात्री मागच्या सीटवर भजन. नवऱ्यामागं घरातून बाहेर न पडलेली एक बाई त्या समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हसायली होती, बाहेर यायला तयार नव्हती. तुमचं धनुष्कोडी आमचं राहिलं, ते खरंय. पण पॅकेज नसतं तर रामेश्वरमच राहिलं असतं.

तुमच्यासारख्या फिरत्या माणसानं हे ध्यानात घेऊन लिहावं एवढंच म्हणणं.

औंढ्याचा वाटसरू

मावशी, तुम्ही लिहिलेलं वाचून आनंद झाला आणि त्यातलं एक अक्षर मला खोडायचं नाही. माझं भांडण पॅकेजनं जाण्याशी नाही, रामेश्वरमला त्या गाडीनं दिलेल्या पाचेक तासांशी आहे. त्याच बायकांना त्याच मॅनेजरनं सांगितलं असतं की आज दिवसभर तुम्ही मोकळ्या, संध्याकाळी सहाला अमुक गोपुराच्या समोर जमा, तर ती बाई हवं तितका वेळ पाण्यात राहिली असती. पाच-पाच जणींनी एक ऑटो केला असता आणि धनुष्कोडीही झालं असतं. आपण पैसे भरतो तेव्हा एवढं मागायला काय हरकत आहे? कुणी मागतच नाही म्हणून गाडी नऊला सुटते.

पूर्णा जंक्शन

सगळे बसवरच अडकलात. मी रेल्वेतून निवृत्त झालोय, माझा सल्ला: बेटावर रेल्वेनं जा.

१९८८ ला रस्त्याचा पूल झाला, त्याआधी रामेश्वरमला बस जातच नव्हती. आपल्या आजी-पणजीच्या पिढीतलं जे कुणी गेलं ते १९१४ च्या रेल्वे पुलावरून गेलं. १९६४ च्या वादळात तोही पूल मोडला होता, रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत परत उभा केला. तो जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नवीन पूल ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर, आणि जहाज आलं की मधला ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. जुन्या पुलाची मधली दोन पानं दोन बाजूंना वर उघडायची, ह्याचा अख्खा तुकडा लिफ्टसारखा वर जातो. रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसाला ते बघून भरून येतं, हे मी मोकळेपणानं सांगतो.

मदुराईहून रामेश्वरमला पॅसेंजर आहे. डब्यात संडास असतो, म्हणजे गंगाखेडच्या ताईंचा अर्धा प्रश्न तिथंच सुटला. पाय लांब करता येतात, आणि पुलावर दोन्ही बाजूंना पाणी, मच्छीमारांच्या होड्या, सगळं नीट दिसतं. शिवाय ओखा-रामेश्वरम ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी आपल्या नांदेडवरून जाते, ज्यांना मदुराईची भानगडच नको त्यांनी ती बघावी. दिवसात परत यायचा हट्ट कशाला?

गोदाकाठ, पैठण

वाटसरूंचा एक दिवस आणि पॅकेजची एक सकाळ, मला दोन्ही पटत नाहीत.

आमच्या गावाला रामेश्वरम म्हणलं की नाथांची कावड आठवते. काशीची गंगा खांद्यावर घेऊन रामेश्वरला निघालेले एकनाथ महाराज वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजतात. ती कावड पायी चालत होती, महिनोन् महिने. माणसाला वाटेत थांबायला सवड होती म्हणून गाढव दिसलं. तुमच्या सहाच्या बसला धावणाऱ्या माणसाला काय दिसणार?

परंपरेनं तिथली वाळू घ्यायची, काशीला गंगेत सोडायची आणि तिथलं पाणी परत रामेश्वरला आणायचं. आता कुणी पायी जा असं मी म्हणत नाही. पण पहाटे पाचला स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, ते दिवसात जाऊन येणाऱ्याला मिळूच शकत नाही. पहाटेचं दर्शन झालं की त्याच दिवशी गर्दी वाढायच्या आत तीर्थस्नान करता येतं. बाहेरच्या प्राकारात, म्हणजे मंदिराभोवतीच्या लांब ओवरीत, १२१२ खांब आहेत, रंगवलेले, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक लहान होत होत दिसेनासं होतं. आणि मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो, त्यामुळं तिथं बसलेला माणूस खरंच बसलेला असतो. किमान दोन रात्री द्या. ज्याला दोन रात्री द्यायच्या नाहीत त्यानं थोडं थांबून पुढच्या वर्षी जावं.

उदगीरचा पोरगा

काका, दोन रात्रींची रजा सगळ्यांना मिळते का? दुकानात कामाला असलेला माणूस, रोजंदारीवाला, ज्याला मालक चार दिवस सोडतो आणि त्यातले जाण्यायेण्यातच निम्मे जातात, त्यानं काय करायचं? 'पुढच्या वर्षी' म्हणता म्हणता आमचे वडील गेले. त्यांना एक दिवस मिळाला असता तर तो त्यांना पुरला असता.

गोदाकाठ, पैठण

पोरा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ज्याच्या हातात एकच दिवस आहे त्यानं तो घ्यावा, त्याला मी अडवत नाही. ज्याच्याकडं दिवस असून जो आठ ठिकाणांची यादी भरायला पळतो, त्याच्याशी माझं बोलणं आहे.

गंगाखेडची लेक

पूर्णावाल्या काकांचं रेल्वेचं पटलं. दिवसात परत यायचं अजूनही पटत नाही, आईला घेऊन तर नाहीच. पण आम्ही दोघी बहिणी नुसत्या गेलो तर सकाळी रेल्वेनं जाऊ आणि संध्याकाळी बसनं येऊ, तेव्हा वाटसरू दादांचा बेत वापरीन. कोणत्या महिन्यात जावं? आणि कुंडांच्या वेळी बॅग कुठं ठेवायची?

औंढ्याचा वाटसरू

ताई, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं त्यांचा पावसाळा असतो. वादळाचा इशारा आला की धनुष्कोडीचा रस्ता बंद करतात, त्यामुळं ते महिने टाळा. जानेवारी-फेब्रुवारी चांगले. फक्त अमावस्येची तारीख बघून घ्या, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीतली त्यांची तै अमावस्या. त्या दिवशी पितरांच्या स्नानाला लाखांनी लोक येतात, दिवसात जाऊन यायचा बेत तिथंच मोडतो.

बॅग मोठी नेऊच नका, सगळं मदुराईच्या खोलीवर ठेवा. दोघी आहात तर एकीनं स्नान करेपर्यंत दुसरीनं पिशवी आणि मोबाईल सांभाळायचे, मग अदलाबदल. दोन पातळ टॉवेल, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सुती साडीपेक्षा लवकर वाळणारा पंजाबी ड्रेस. धनुष्कोडीला जाताना पाणी आणि डोक्याला रुमाल मंदिराजवळूनच घेऊन निघा. आणि संध्याकाळ होऊ देऊ नका, पाचच्या पुढं गाड्या आत सोडत नाहीत.

देवणीच्या मावशी

दोघीच जायलाव तर मला पण विचारा. माझं धनुष्कोडी राहिलंय.