कोडॉनवरून प्रोटीन कसं बनतं, कुणीतरी सांगा की

खानापूरची पोर: दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पीयूसी सेकंडला (म्हणजे बारावीला) सगळं इंग्लिशमधून, हा धडा दोनदा वाचला तरी डोक्यात शिरेना. डीएनए केंद्रकात असतो मग प्रोटीन बाहेर कसं बनतं? आणि अमिनो आम्लं २० असताना कोडॉन ६४ कशाला?

निपाणीकर: डीएनए बाहेर येतच नाही, त्याची नक्कल म्हणजे एमआरएनए बाहेर येतो, रायबोसोम (पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र) ती ३-३ अक्षरं करत वाचत जातो, ३ अक्षरांचा एक शब्द म्हणजे कोडॉन, आणि टीआरएनए (अमिनो आम्लं वाहून आणणारा छोटा आरएनए) त्या त्या कोडॉनचं अमिनो आम्ल आणून देतो, अशी साखळी वाढत जाते, एयूजीला सुरुवात आणि यूएए, यूएजी नाहीतर यूजीए आलं की थांबायचं. अक्षरं ४ च ना (ए, यू, जी, सी; डीएनएत यूच्या जागी टी), २-२ घेतली तर १६ च शब्द होतात, २० ला पुरत नाहीत, ३-३ घेतली की ६४. म्हणून एकट्या ल्युसीनला ६ कोडॉन. आपल्या बाजारात कांदा म्हणा नाहीतर उळ्ळागड्डी म्हणा, पिशवीत तेच येतंय तसं.

खानापूरची पोर: आत्ता समजलं ओ! मग एक अक्षर चुकलं तरी चालतं?

टिळकवाडीची मावशी: कधी चालतं, कधी अजिबात नाही ग बाळ. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एका जागी जीएजीचं जीटीजी झालं की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, तेवढ्यानं सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. आणि खोराना यांचं नाव विसरू नकोस, हा कोड उलगडल्याबद्दल १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, हॉली आणि त्यांना मिळालं.