एक्सकॅव्हेटरचे कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी झाले आहे. रेडिएटरचे झाकण आत्ताच उघडावे का?

प्रश्न: काम नुकतेच थांबवले आहे आणि टाकीतील कूलंट खालच्या खुणेच्याही खाली दिसते. रेडिएटरमध्ये लगेच पाणी भरले तर चालेल का?

उत्तर १: कृपया आत्ता झाकणाला हात लावू नका. दाबाखालचे कूलंट १०० अंशांच्या वरही द्रवच राहते आणि झाकण सैल होताच उसळून थेट चेहऱ्यावर येते. यंत्र सपाट जागी बंद ठेवून रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या, मग हातमोजे व चष्मा घालून झाकण थोडेसेच फिरवा आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावरच काढा.

उत्तर २: नुसते पाणीही नको, कारण त्याने गंज चढतो, पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घाला. पातळी पुन्हा उतरली, तर वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्राशी वाळलेला रंगीत ओघळ आहे का, हे अवश्य पाहा; तो पंपातून कूलंट गळत असल्याची खूण असते.