कूलर कोकणात का चालत नाही?

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, तरी कूलरने खोली निवते, मात्र रत्नागिरीला बहिणीकडे ३४ अंशांतही तो निरुपयोगी ठरला, असे का व्हावे?

उत्तर : कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो आणि कोकणच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने पाणी फारसे उडत नाही. ताईंनी समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावावा.

दुसरे उत्तर : आपल्या चंद्रपूरकडेही अनेकजण दारे-खिडक्या बंद करून कूलर लावतात, त्यामुळे खोली दमट होते, एक खिडकी उघडी हवीच. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना मात्र कूलरची सोय नाही, याची मला फार काळजी वाटते. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागल्यास त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध असल्यास पाणी पाजू नये.