मदत हवी आहे: चित्रकार सिकर्ट आणि १८८८ चं लंडन

नमस्कार मंडळी. वॉल्टर सिकर्ट या चित्रकारावर अभिवाचनाची संहिता लिहितेय. देखणा, गप्पिष्ट, आधी नाटकात कामं केलेला हा माणूसच जॅक द रिपर (लंडनमधला कधीच न सापडलेला खुनी), असा दावा मोठ्या गाजावाजाने झाला. मला तो पटत नाही. १८८८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात बायकांचे खून पडत होते तेव्हा, सिकर्ट बराच काळ फ्रान्समध्ये होता असं घरच्यांच्या पत्रांवरून दिसतं. पण आपल्या भाड्याच्या खोलीत पूर्वी रिपर राहायचा, ही घरमालकिणीची गोष्ट त्याने खरी मानली आणि ती खोली चितारली! दारातून दिसणारी काळोखी खोली, मागे खिडकीचा अंधुक उजेड, बस्स. माणूस आहे की नाही तेही कळत नाही.

हे चित्र मँचेस्टर आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. तिकडच्या कुणी ते प्रत्यक्ष पाहिलंय का? रंग फोटोत दिसतात तितकेच काळपट आहेत?

दुसरं, त्या वर्षीच्या 'केसरी'त किंवा मुंबईच्या पत्रांत या खुनांची बातमी आली होती का? जुने अंक कुठे चाळायला मिळतील? पुण्यातलं ठिकाण असेल तर उत्तम, मुंबईलाही येईन.

'खुनी तोच' छापाचे व्हिडिओ कृपया पाठवू नका, ते ढीगभर पाहून झालेत.