मदत हवी आहे: कापडी पुस्तक मिटत नाही, फेल्टला गोळे आले, लाल रंग उतरला

सुईदोरा_सिडको

दोन वर्षांच्या मुलीसाठी घरी शिवलेलं कापडी पुस्तक आहे. काम पूर्ण झालंय, पण चार गोष्टी बिघडल्यात. माहिती जमेल तेवढी नेमकी देते.

तयार पान २० × २० सेंमी. आतली ४ पानं, म्हणजे ८ बाजू, शिवाय पुढचं-मागचं कव्हर. पानांना मांजरपाट, आत १०० जीएसएमचं (चौरस मीटरला १०० ग्रॅम) वॅडिंग, म्हणजे भरणीचा मऊ थर. चित्रं साध्या फेल्टची, दोन ठिकाणी लाल खणाचा तुकडा. सगळी पानं आणि कव्हर एकावर एक ठेवून डाव्या कडेपासून १ सेंमीवर एकच टीप मारून जोडलंय.

१) पुस्तक मिटत नाही. कण्याकडे जाडी जेमतेम १ सेंमी, उघडणाऱ्या बाजूला ४. टेबलावर ठेवलं की आ वासून पडतं.
२) द्राक्षाच्या घडाच्या पानावर जांभळ्या फेल्टला गोळे आले. त्याच तुकड्यातून कापलेली वांगी दुसऱ्या पानावर आहेत, ती ठीक आहेत.
३) मशीन टाके सोडतं. घरगुती मशीन, १४ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा. आधी फक्त जाड जागी सोडायचं, आता पातळ कापडावरही सोडतं.
४) पहिल्याच धुण्यात खणाचा लाल मांजरपाटावर पसरला.

उसवायची तयारी आहे. नाशिकमध्ये मिळेल असंच सामान सुचवा.

उरेबपट्टी

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. चित्रं पानाच्या मध्यावर, म्हणून जाडी तिथे. कडेला नुसतं कापड आणि वॅडिंग, तेही टिपेनं दाबून १ सेंमीवर आणलेलं. ४ सेंमीची वस्तू १ सेंमीच्या चिमट्यात धरली की ती पाचरीसारखी उघडणारच. वरून बटण किंवा पट्टा लावून बंद करायला जाऊ नका, ताण टिपेवर येतो आणि महिनाभरात कणा फाटतो.

कण्याला रुंदी द्या आणि प्रत्येक पान त्यावर वेगळ्या रेघेवर लावा. मधे मधे फेल्टच्या पट्ट्या घालून कडा जाड करता येते, पण तुमच्या मापाला प्रत्येक फटीत पाच-सहा पट्ट्या लागतील, आणि तेवढा थर घरगुती मशीनखाली जाणार नाही. त्यापेक्षा कापडी बिजागरी सोपी.

कण्याची टीप उसवा, पानं सुटी करा. प्रत्येक पानाला २२ × ६ सेंमीची एक सुती पट्टी कापा. दोन्ही टोकं १ सेंमी आत, मग लांब कडाही १-१ सेंमी आत दुमडून इस्त्री करा. आता पट्टी मधोमध दुमडली की २० × २ सेंमीची दुहेरी पट्टी तयार होते. तिच्या उघड्या तोंडात पानाची कड १ सेंमी सरकवा आणि टीप मारा. उरलेली १ सेंमी मोकळी पट्टी म्हणजे बिजागरी. ती यापेक्षा अरुंद ठेवली तर पान उलटताना शेजारचं पान ओढलं जातं.

जुनी कव्हरं आता अपुरी पडतील, कारण पान कण्यापासून २१ सेंमीवर जातं. नवं कव्हर एका तुकड्यात: २१.५ + ४ कणा + २१.५, म्हणजे ४७ × २१ सेंमी. तेवढंच अस्तर.

कडकपणासाठी कॉलरचं फ्युजिंग कॅनव्हास, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं कडक कापड. मेन रोडच्या टेलरिंग मटेरिअलच्या दुकानात याच नावानं मागा. साधं खळीचं बुकरम दिलं तर घेऊ नका, एका धुण्यात खळ जाते आणि चिंधी उरते. पुठ्ठा तर नकोच, पाण्यात त्याचा लगदा होतो. कॅनव्हासचे तीन तुकडे: २१ × २०.५ चे दोन, ३.५ × २०.५ चा एक. कव्हरच्या कापडाला उलट्या बाजूनं चिकटवताना तुकड्यांमध्ये ५ मिमीची फट सोडा, वळण तिथेच पडतं. इस्त्री घासायची नाही. ओलसर कापड वर ठेवून एका जागी १०-१२ सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. घासली तर फुगे येतात.

आता अस्तर. त्याच्या मधल्या ४ सेंमीवर चार उभ्या रेघा आखा: कण्याच्या डाव्या कडेपासून ५, १५, २५ आणि ३५ मिमीवर. पहिलं पान घ्या, बिजागरीची दुमडलेली कड पहिल्या रेघेवर ठेवा, पान डावीकडे पसरलेलं राहू द्या, दुमडीपासून २ मिमीवर टीप. मग दुसरं पान दुसऱ्या रेघेवर, तेही डावीकडे, पहिल्याच्या वर. क्रम चुकवला किंवा एखादं पान उजवीकडे टाकलं की पुढच्या टिपेत आधीची बिजागरी सापडते.

चारही लागली की अस्तर आणि कव्हर उलट्या बाजू एकमेकींना लावून ठेवा आणि चारी बाजूंनी ४ सेंमी रुंद उरेब (कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेली) पट्टी फिरवा, साधारण दीड मीटर लागते. सुलट बाजू आत ठेवून शिवायचं आणि भोकातून उलटवायचं, या फंदात पडू नका. २० सेंमीची गुबगुबीत चार पानं त्या भोकातून बाहेर येत नाहीत. शेवटी कण्याच्या दोन्ही कडांना वरून खालपर्यंत एकेक टीप, नाहीतर अस्तर आत लोंबतं.

जुनी_गोधडी

कण्याबद्दल उरेबपट्टींना +१. दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीसाठी दोन प्रश्न. पुस्तक मिटल्यावर द्राक्षाच्या पानासमोर काय येतं? आणि कुठे चिकट पाठीचं वेल्क्रो वापरलंय का?

सुईदोरा_सिडको

समोर आंब्याचं झाड आहे. आंबे काढा-लावायचे आहेत. वेल्क्रोची खरखरीत बाजू झाडावर, मऊ बाजू आंब्यांना. हो, वेल्क्रो चिकट पाठीचंच, वरून टीप मारली आहे.

जुनी_गोधडी

मग दोन्ही अडचणींचं मूळ तेच झाड आहे.

आंबा काढलेला असताना पुस्तक मिटलं की झाडावरचे उघडे आकडे थेट द्राक्षांवर बसतात आणि प्रत्येक वेळी उघडताना फेल्टचे धागे उपसतात. वांग्यांसमोर वेल्क्रो नाही म्हणून ती वाचली. बाजू बदला: पानावर नेहमी मऊ, सुट्या तुकड्यावर खरखरीत. खरखरीत तुकडा १.५ सेंमीचा पुरतो, कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा बोटांना लागतो. आलेले गोळे बारीक कात्रीनं कापा, ओढू नका, ओढला की मागचा आणखी तंतू बाहेर येतो.

द्राक्षं नव्यानं करणार असाल तर फेल्ट सोडा. ७ सेंमी व्यासाचं सुती कापडाचं वर्तुळ, कडेनं ५ मिमी आत दुमडत मोठा धावदोरा, दोरा ओढून गाठ. तीन सेंमीच्या आसपासचं चुणीदार द्राक्ष तयार होतं. चुणी खाली, गुळगुळीत बाजू वर, कडेनं बारीक टाक्यांनी पानावर पक्कं. घडाला बारा पुरतात. दोन-तीन जांभळ्या छटा आणि एखादं हिरवट ठेवलं तर घड खरा दिसतो, सगळी एकाच रंगाची घेतली की त्या गुंड्या वाटतात.

आता टाके. चिकट वेल्क्रोतून सुई गेली की गोंद सुईवर चढतो, दोऱ्याचा फास नीट बनत नाही आणि टाका सुटतो. एकदा चढला की पातळ कापडावरही तेच होतं. सुई बदला, जुनी स्पिरिटनं पुसून तपासा. बोटाला चिकट लागली तर खात्रीच. यापुढे शिवायचं साधं वेल्क्रो घ्या, चिकट नको.

जाड जागी सोडण्याचं कारण वेगळं आहे. थरांच्या उंचवट्यावर चढताना मशीनचा पाय मागे कलतो, कापड वर उचललं जातं, सुई वाकते. १६ नंबरची सुई लावा, टाका ३ ते ३.५ मिमीचा करा. उंचवट्याजवळ आलात की सुई कापडात ठेवून पाय उचला, पायाच्या मागच्या भागाखाली त्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, पाय सपाट करून पुढे चला. ते चार-पाच टाके पॅडल न मारता हातानं चाक फिरवून घ्या.

आडवाधागा

लाल रंगाबद्दल. आपल्याकडे पहिलं सांगणं 'मिठाच्या पाण्यात भिजव' हेच असतं. मिठाचा उपयोग कापड रंगवताना होतो, रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग त्यानं पक्का होत नाही. पाणी लाल दिसायचं कमी झालं तर ते सुटा रंग धुऊन गेल्यामुळे.

आधी खणाचे तुकडे उसवून काढा. मांजरपाट सुटा असताना ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात, पाकिटावरच्या प्रमाणात, भिजवा. इस्त्री होण्याआधी केलं तर डाग बराच हटतो. खण त्या पाण्यात घालू नका, त्यात रेशीम असेल तर खराब होईल. वॅडिंग आत असताना हे करायला गेलात तर ब्लीच आतून निघणार नाही, म्हणून ते पानही उसवावं लागेल.

पुढच्या वेळी प्रत्येक गडद कापडाची परीक्षा आधी घ्या: ओल्या पांढऱ्या चिंधीवर तुकडा ठेवून १० सेकंद इस्त्री दाबा. चिंधी रंगली तर कापड वेगळं धुवा, पुन्हा परीक्षा. तीनदा धुऊनही रंगत असेल तर ते मुलांच्या पुस्तकात नको, ते तोंडात जातं. आणि मांजरपाट कापण्याआधी धुवून वाळवलात ना? कोरा मांजरपाट आटतो. वॅडिंग आटत नाही, म्हणून नंतर पानाला सुरकुत्या पडतात. मीटरला पाच सेंमी आटेल असं धरून कापड जास्त घ्या.

पंचवटीकर

अवांतर: येवल्याच्या पैठणीच्या काठाचा तुकडा कव्हरला लावता येईल का? आणि अशी पुस्तकं विकायची झाली तर?

आडवाधागा

काठ लावा, पण धुवायच्या कव्हरवर नको. रेशीम आणि जर, दोन्हींना रगडणं सोसत नाही, आणि जरीची कापलेली कड हाताला टोचते. कव्हरवर काढता येणारा खोळीसारखा पट्टा करून त्यावर लावा. कापण्याआधी मागे पातळ फ्युजिंग, इस्त्री मंद, मध्ये सुती कापड. नाहीतर धागे निसटतात.

विक्रीचं: भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएस ९८७३ मानक आणि भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. आधी नोंदणीचं बघा, मग ऑर्डर घ्या.

जुनी_गोधडी

सुरक्षिततेचं सुईदोरांनी विचारलं नाही, तरी सांगते, कारण मूल दोन वर्षांचं आहे. ३१.७ मिमी व्यासाच्या तपासणीच्या नळीत जी वस्तू मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरतात. नेहमीच्या सगळ्या गुंड्या मावतात. म्हणून गुंडी लावलीच तर निघताच कामा नये: दुहेरी दोरा, प्रत्येक भोकाच्या जोडीतून चार वेळा, आणि पानाच्या आतल्या बाजूला दुसरी छोटी गुंडी, म्हणजे ओढ कापडावर न येता त्या गुंडीवर येते. हे पान बंद करण्याआधीच करावं लागतं. मग गुंडीला सुतळी बांधून सात किलोची पिशवी दहा सेकंद लटकवून बघा.

सुटे आंबेसुद्धा किमान ५ सेंमीचे हवेत. मणी, टिकल्या, लोकरीचे गोंडे, चुंबक यांतलं काहीही नको. नाडी असेल तर १५ सेंमीच्या आत.

सुईदोरा_सिडको

खूप आभार. कणा उसवला. सुई बदलल्यावर पातळ कापडावर टाके सुटायचे थांबले, गोंदच होता. आंब्यांचं वेल्क्रो उलटं केलं. शेवटचं एक: कव्हरसाठी उरेब पट्टी कापताना बरीच उरली आहे. त्यातूनच बिजागऱ्या काढल्या तर चालतील का? आणि धुतल्यावर पुस्तक वाळवायचं कसं? पावसाळ्यात वॅडिंग लवकर सुकत नाही.

उरेबपट्टी

बिजागरीला उरेब अजिबात नको. उरेब ताणली जाते, म्हणूनच ती कव्हरच्या कोपऱ्यावर छान वळते. बिजागरीत तोच गुण दोष होतो: पान स्वतःच्या वजनानं पट्टी खेचतं आणि आठवड्याभरात खालचा कोपरा कव्हरच्या बाहेर लोंबायला लागतो. बिजागरी सरळ धाग्याची, लांबी काठाला समांतर. उरलेल्या उरेब पट्ट्या पानांच्या कडांना वापरा.

वाळवताना पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग दोरीवर घोड्यावर बसवल्यासारखं, कणा वर आणि पानं दोन्हीकडे दोन-दोन अशी टाका, पंख्याखाली. पानांमध्ये एकेक चिमटा उभा अडकवला की हवा खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये दीड-दोन दिवस धरा. पान बोटांत दाबल्यावर थंड लागलं तर आत ओल आहे, तेव्हा मिटून ठेवू नका.